सरळ ठेवलेला बॉक्स

सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं की लोकांना वाटतं, हा दिवसभर एसीत बसून कॉफी पीत असणार. निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यात आम्हाला चाकणला जावं लागतं. काय आहे ना, आमची कंपनी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते आणि कारखाने काही बाणेर रोडवर नसतात. त्यामुळे महिन्यातून एक-दोनदा सकाळी सकाळी तळेगाव चौकात ट्रकांच्या मध्ये अडकून, आपण इंजिनिअरिंगला का गेलो यावर चिंतन करायची संधी मिळते.

तर ही गोष्ट अशाच एका चाकणवारीची.

गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. (नाव नको.) तिथल्या पॅकिंग लाईनचं सॉफ्टवेअर मी लिहिलंय. काम तसं साधं आहे. पॅकिंगला बसलेला माणूस बॉक्सवर बारकोडचं लेबल चिकटवतो आणि बॉक्स पट्ट्यावर ठेवतो. पुढे दीड-दोन मीटरवर बाजूला लेझर स्कॅनर आहे, तो बारकोड वाचतो. वाचला तर बॉक्स पुढे जातो. नाही वाचला तर एक पुशर येऊन त्याला 'ठाप्' करून बाजूच्या रिजेक्ट लाईनवर ढकलतो. शिफ्टच्या सुरुवातीला पॅकिंगवाला आपलं कार्ड दाखवतो, त्यामुळे कुणाच्या हातून किती बॉक्स गेले आणि किती परत आले याचा रिपोर्ट नावासकट निघतो. हा रिपोर्ट डेमोमध्ये दाखवला तेव्हा सगळे खूश झाले होते. मी तर जास्तच.

त्या दिवशी सुपरवायझर साहेबांचा फोन आला. "सर, फर्स्ट शिफ्टच्या बाईंचे एरर फार येतायत. आठ टक्के! सेकंड शिफ्टला दोनच टक्के. एका शिफ्टमध्ये पाच एरर झाले की माझ्या मोबाईलवर मेसेज यावा असं काहीतरी करून द्या. नावासकट."

अर्ध्या दिवसाचं काम. मी लगेच हो म्हटलं. तिथं दुसरंही थोडं काम होतं, म्हणून म्हटलं जाऊनच करू.

लाईनवर पोचलो तर फर्स्ट शिफ्ट चालू होती. ताई चाळिशी ओलांडलेल्या. त्यांचं काम बघत मी पाच मिनिटं उभाच राहिलो. लेबल काढायचं, बॉक्सच्या छापील चौकटीत बरोबर बसवायचं, वरून अंगठा फिरवायचा. मग बॉक्स पट्ट्याच्या कडेच्या गाईडला असा चिकटवून ठेवायचा की बँकेतला कॅशियर नोटांची गड्डी ठोकतो त्याची आठवण व्हावी. एकही लेबल वाकडं नाही, एकही बॉक्स तिरका नाही. ह्या बाईंचे आठ टक्के?

तेवढ्यात 'ठाप्'.

ताईंनी वर बघितलंसुद्धा नाही. रिजेक्ट लाईनवरून बॉक्स उचलला, टेबलावरची हातातली स्कॅनर गन घेतली, बटण दाबलं. पिंक! वाचलं. पहिल्याच झटक्यात. बॉक्स परत पट्ट्यावर.

आता बघा, तेच लेबल, तोच बारकोड. गन वाचते, मोठा स्कॅनर वाचत नाही. म्हणजे लेबल चांगलं आहे, हे कुठल्याही शहाण्या माणसाला कळायला हवं. आमच्यापैकी कुणालाच तीन आठवडे कळलं नव्हतं. कारण आम्ही सगळे रिपोर्ट बघत होतो.

"ताई, हे रोज असंच होतं?"

"नवीन लेबलं आली तेव्हापासून होतंय सर. साहेबांना सांगितलं होतं मी. ते म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये तुमची चूक येतीये."

कॉम्प्युटरमध्ये. म्हणजे माझ्यात.

जरा थांबून त्या म्हणाल्या, "वाकडा ठेवला ना सर, की वाचतो तो. पण वाकडा बॉक्स पुढं स्ट्रॅपिंगला अडकतो. तिथल्या पोराला मग लाईन थांबवून हाताने काढावा लागतो. म्हणून मी नाही ठेवत."

मी जागच्या जागी गार. कारण आता मला शाळेतलं विज्ञान आठवायला लागलं होतं.

थोडं सांगतो, कंटाळू नका. लेझर स्कॅनरच्या पोटात एक गरगर फिरणारा बहुकोनी आरसा असतो. लेझरचा एकच ठिपका त्यावर पडतो आणि आरसा फिरतो तसा तो ठिपका इतक्या वेगाने सरकतो की आपल्याला लाल रेघ दिसते. ती रेघ बारकोडवरून जाते तेव्हा पांढऱ्या भागावरून जास्त उजेड परत येतो, काळ्या पट्टीवरून कमी. ह्या कमी-जास्तीवरून स्कॅनर पट्ट्यांची रुंदी ओळखतो. पण त्याला हवा असतो तो कागदावर पडून सगळीकडे विखुरलेला उजेड. आरशातून येतो तसा थेट भपका नको असतो. भपका आला की काळी पट्टीही पांढरी आणि पांढरी तर पांढरीच. उन्हात मोबाईलचा स्क्रीन वाचताना आपलं होतं तसंच.

आणि भपका कधी येतो? आपाती कोन आणि परावर्तन कोन समान! लेबल चकचकीत असेल आणि स्कॅनर त्याच्या अगदी काटकोनात समोर असेल, तर गेलेला किरण आल्या वाटेने परत. म्हणून स्कॅनर मुद्दाम साधारण १५ अंश तिरका बसवतात. हे मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेलं होतं. मी त्यातला कम्युनिकेशनचा चॅप्टर जवळजवळ पाठ केला होता. माउंटिंगचा चॅप्टर 'मेकॅनिकलवाल्यांचं काम' म्हणून सोडला होता. आणि स्कॅनर बसवताना फिटर मामांनी फोन करून विचारलं, "सर, कसा लावू?" तेव्हा मी पुण्यात बसून सांगितलं होतं, "एकदम सरळ लावा मामा. गुण्यात."

मामांनी लावला. गुण्यात. अर्ध्या अंशाचीही चूक नाही.

सुरुवातीला साध्या कागदाची लेबलं होती, त्यामुळे निभावलं. मग तेलाच्या हातांनी ती पुसट होतात म्हणून वर प्लास्टिकचा थर असलेली चकचकीत लेबलं आली. तिथून पुढे, जो बॉक्स नीट सरळ ठेवलेला तो स्कॅनरचे डोळे दिपवणार, आणि जो पाच-दहा अंश तिरका पडलाय तो व्यवस्थित वाचला जाणार. सेकंड शिफ्टचा मुलगा बॉक्स पट्ट्यावर कसेही टाकायचा. त्याचे दोन टक्के. ताई नीट ठेवायच्या. त्यांचे आठ. स्ट्रॅपिंगला अडकलेले बॉक्स मोजणारा रिपोर्टच नव्हता. तो कुणी मागितला नव्हता आणि मला सुचला नव्हता.

खात्री करायला स्कॅनर टेस्ट मोडवर टाकला. त्यात शंभरातले किती स्कॅन वाचले गेले ते टक्क्यांत दिसतं. बॉक्स सरळ धरला : ३. जरा फिरवला : ९८. परत सरळ : ४. सुपरवायझर साहेबांना बोलावून दाखवलं. त्यांनी स्वतः दोनदा फिरवून बघितला आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

मामा पाना आणि एलन की घेऊन आले. म्हणाले, "तेव्हाच वाटलं होतं मला, पण तुम्ही सरळ म्हणालात." ह्यावर काय बोलणार!

तिरका तरी कुठल्या बाजूने करायचा, ह्यालाही विचार लागतो. आमच्या लेबलावरच्या पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या आहेत आणि लेझरची रेघ उभी. अशा वेळी स्कॅनर वरखाली झुकवून फारसा उपयोग नाही, कारण रेघच वरपासून खालपर्यंत पसरलेली असते. भपक्याचा ठिपका फक्त वर किंवा खाली सरकतो, बारकोडवरून हटेलच असं नाही. त्याला डावी-उजवीकडे वळवावा लागतो, म्हणजे अख्खी रेघच तिरकी पडते. पट्ट्या कुंपणासारख्या उभ्या असत्या आणि रेघ आडवी असती, तर बरोबर उलटं.

ह्या शिडी-कुंपणावरून अजून एक हिशोब त्या दिवशी पहिल्यांदा केला. पट्टा सेकंदाला ५०० मिलिमीटर जातो. लेबलवरच्या पट्टीची लांबी २० मिलिमीटर. म्हणजे बारकोड रेघेसमोर असतो फक्त ०.०४ सेकंद. स्कॅनर सेकंदाला ५०० स्कॅन करतो, म्हणजे एका बॉक्समागे २० संधी. कुंपणासारखं लेबल असतं, तर २५० मिलिमीटरच्या रेघेत ७० मिलिमीटरचा कोड १८० मिलिमीटर चालेपर्यंत पूर्ण दिसला असता, म्हणजे १८० संधी. ऐकायला भारी. पण त्या सगळ्या १८० संधी कोडवरच्या एकाच उंचीवर. प्रिंटरने नेमकी तिथेच रेघ पुसट मारली असेल तर १८० वेळा नापास. शिडीत संधी २०च, पण वीस वेगवेगळ्या जागी. कुठलं बरं हे लेबल आणि प्रिंटर बघून ठरवायचं असतं. आमच्याकडे हे कुणीच ठरवलं नव्हतं, आपोआप झालं होतं.

स्कॅनर १५ अंश वळवला. त्यामुळे अंतर थोडं बदललं, ते पट्टी लावून परत मॅन्युअलमधल्या मर्यादेत आणलं. बॉक्स आला हे सांगणारा सेन्सर किंचित पुढे घेतला. काच पुसली. (लेझर चालू असताना त्याच्या नाकासमोर डोळा नेऊ नका, मामांनी मला दोनदा ओढलं.) आता मेख अशी की, १५ अंशांनी नेमका त्या बाजूला वाकडा ठेवलेला बॉक्स ह्या तिरक्या स्कॅनरला सरळ दिसणार. म्हणून मामांनी दुसऱ्या बाजूचा गाईड आत घेतला, म्हणजे बॉक्स तेवढा वाकडा होऊच शकत नाही. स्ट्रॅपिंगवाला पोरगा त्यावर सगळ्यात जास्त खूश.

दुपारपर्यंत ताईंचे रिजेक्ट जवळजवळ बंद झाले. मामांनी चहा मागवला. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण मला अजून लॅपटॉप उघडायचा होता. स्कॅनर तर फक्त 'वाचता आलं नाही' एवढंच सांगत होता. मग रिपोर्टमध्ये 'ऑपरेटर एरर' आलं कुठून? उघडून बघितलं. ग्राहकाच्या कागदावर रिजेक्टची तीनच कारणं होती : चुकीचा पार्ट, डुप्लिकेट लेबल, ऑपरेटर एरर. पहिली दोन मी तपासली होती. आणि शेवटच्या 'एल्स'मध्ये, ह्यातलं काहीच नसेल तर, बिनदिक्कत ऑपरेटर एरर. कधीतरी रात्री अकरा वाजता लिहिलेली एक ओळ. टेस्टिंगमध्येही पास झालेली.

चहा पिताना ताईंना विचारलं, "ह्याचे काही पैसे वगैरे कापले का?"

"गेल्या महिन्याचा इन्सेंटिव्ह नाही दिला ठेकेदाराने. ह्या महिन्याचं बघू म्हणाला." त्यांनी हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मला कप खाली ठेवावा लागला.

त्याच दिवशी मी प्लांटच्या मोठ्या साहेबांना मेल लिहिली. स्कॅनर चुकीच्या कोनात माझ्या सांगण्यावरून लागला, रिपोर्टमधलं नाव मी चुकीचं दिलं, मागच्या तीन आठवड्यांचे आकडे कामगारांची चूक म्हणून धरू नयेत. ऑफिसात माझ्या मॅनेजरला कॉपी होती. त्याचा लगेच फोन : "अरे, एवढं डिटेलमध्ये कशाला? 'ट्यूनिंग केलं' म्हणायचं." खरं सांगतो, पाठवायच्या आधी मीही तेच लिहून ठेवलं होतं. मग खोडलं.

ती ओळ बदलली. आता तिथे 'कारण माहीत नाही' असं येतं. आणि नाव येत नाही. सुपरवायझर साहेब म्हणाले, "रिपोर्टमध्ये 'कारण माहीत नाही' बरं नाही दिसत सर."

म्हटलं, "नाही दिसत. म्हणून तर कुणीतरी लाईनवर जाऊन बघेल."

मेसेजवालं काम मी केलं नाही. त्यांनीही परत विचारलं नाही.

परवा पुन्हा जाणं झालं. ताई होत्या. इन्सेंटिव्हचं विचारलं तर म्हणाल्या, ह्या महिन्याचा मिळाला, मागचा 'हिशोब बंद झाला' म्हणून नाही मिळाला. मी सुपरवायझर साहेबांकडे गेलो, ते ठेकेदाराशी बोलतो म्हणाले. बघू. मी पुढच्या वारीत परत विचारणार आहे, हे त्यांना सांगून आलोय.

आणि काल रात्री घरी बसून माझ्या जुन्या प्रोजेक्ट्समध्ये 'ऑपरेटर एरर' शोधलं. अजून दोन ठिकाणी सापडलं. दोन्हीकडे 'एल्स'मध्येच.

सोमवारी फोन करायचेत.