आतून कोण आहे?

आमच्या गोव्यात नोकरी म्हटली की पहिला प्रश्न हाच. अर्ज टपालाने जातो हे खरं, पण तो पुढे सरकतो आमदाराच्या व्हरांड्यात, अशी आपली पक्की समजूत. माझा भाचा फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडला तो हीच समजूत घेऊन. 6 महिन्यांत एकही अर्ज नाही! का? तर, "मामा, बंगळूरला आपल्या ओळखीचं कोण आहे?"

त्याला रेफरल म्हणजे वशिला वाटायचा. तसं नसतं हो. कंपनीतल्या कुणी नाव सुचवलं तर अर्ज ढिगातून वर येतो, एखादा माणूस तो उघडून वाचण्याची शक्यता वाढते, इतकंच. पुढे कोड स्वतःलाच लिहावा लागतो. आणि सुचवणारा काका-मामा कशाला हवा? दोन वर्षं पुढे असलेला सिनिअर पुरतो. निवड झाली तर बऱ्याच कंपन्या त्या सिनिअरलाच बक्षीस देतात. म्हणजे पाकीट उलट्या दिशेने!

दुसरा बागुलबुवा जाहिरातीतल्या यादीचा. जावा, स्प्रिंग, डॉकर, कुबरनेटिस... वाण्याची यादी बरी. सरकारी जाहिरातीत एक अट हुकली की अर्ज बाद, म्हणून हा इथेही गप्प. पण ही यादी पुष्कळदा कंपनीची इच्छा असते, अट नव्हे. निम्मं येत असेल तर अर्ज टाकावा.

त्याचा बायोडेटा पाहिला आणि हसूच आलं. वडिलांचं नाव, धर्म, जन्मतारीख. आता फक्त गोत्र आणि रास राहिली होती! केलेला प्रोजेक्ट मात्र तळाला, एका ओळीत. तो वर घ्यायला लावला.

नकाराची भीती सर्वांत वाईट. नाकारलं म्हणजे आपण नालायक, हे या मुलांच्या डोक्यात कोण भरवतं कोण जाणे. ब्रायन ॲक्टनला 2009 मध्ये ट्विटरने नाकारलं, फेसबुकनेही नाकारलं. मग त्याने जान कूमबरोबर व्हॉट्सॲप उभं केलं आणि 2014 मध्ये त्याच फेसबुकने ते विकत घेतलं. सगळ्यांचं असं होत नाही, हे मलाही कळतं. पण एका दुपारच्या मुलाखतीत माणूस कितीसा मोजला जाणार?

आतापर्यंत 11 अर्ज गेलेत. नऊ ठिकाणी शांतता, एक नकार आणि एका ऑनलाइन परीक्षेचं बोलावणं. परीक्षा गुरुवारी आहे. दुपारी वीज जाते, म्हणून शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरची सोय करून ठेवलीय.