आधी उगम

“गो बाय, जल्मापासून आसा म्हणतंस, तर इतकी वर्सां खंय होता ता?”

प्रश्न पन्नाशी ओलांडलेल्या काकींचा. त्यांची उजवी करोनरी धमनी उजवीकडून निघतच नव्हती. ती डाव्या बाजूने फुटून, महारोहिणी आणि फुप्फुसधमनी यांच्यामधल्या अरुंद जागेतून वाट काढत आपल्या ठिकाणी पोचत होती. प्रश्न ज्यांना विचारला त्या रेडिऑलॉजिस्ट बाई मूळच्या सिंधुदुर्गातल्या वालावलच्या. लक्ष्मीनारायणाच्या देवळाशेजारच्या तळ्याकाठी वाढलेल्या आणि आता गोव्यातल्या एका रुग्णालयात सीटी वाचणाऱ्या. मोठं दुखणं निघालं की गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय गाठायचं, ही सिंधुदुर्गातली जुनी रीत आहे. त्यामुळे गोव्यात बसूनही त्यांच्या कानांवर मालवणी रोज पडते. काकींना एका वाक्यात देता येईल असं उत्तर मात्र त्यांच्यापाशी नव्हतं.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या महारोहिणीच्या अगदी बुडाशी निघतात. तिथे झडपेच्या वर तीन फुगीर कप्पे असतात. उजव्या कप्प्यातून उजवी धमनी निघते, डाव्यातून डावी. तिसरा बहुधा रिकामा असतो. डावीचे पुढे दोन मोठे फाटे होतात. पुस्तकातल्या आकृतीत हे असंच असतं आणि बहुतेकांच्या छातीतही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने १९९० साली १,२६,५९५ रुग्णांच्या अँजिओग्राफींचा ताळेबंद मांडला, तेव्हा १,६८६ जणांत, म्हणजे शेकडा १.३ लोकांत, काही ना काही वेगळं सापडलं. ते सगळे हृदयविकाराच्या शंकेने आलेले लोक होते. सरसकट जनतेला हा आकडा लावणं धाडसाचं. तरी शेकडा एक धरून पाहा. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या घरात होती. म्हणजे या एका जिल्ह्यात आठ हजारांवर माणसं अशी वेगळी मांडणी छातीत घेऊन शेतात, होडीवर, कचेरीत वावरत असणार. त्यातल्या बहुतेकांना तिचा काडीचाही त्रास नाही, आणि हीच या विषयातली खरी पंचाईत आहे.

कार्डिओग्राममध्ये ही वेगळी मांडणी दिसत नाही. टूडी एकोत लहान मुलांच्या धमन्यांची मुखं नीट दिसू शकतात. प्रौढांची छाती रुंद, मध्ये फुप्फुसाची हवा, त्यामुळे ती अनेकदा निसटतात. एके काळी शवविच्छेदनाच्या टेबलापर्यंत हे गुपित टिके. मग अँजिओग्राफी आली, तीही चुकून. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी क्लीव्हलँडमध्येच मेसन सोन्स महारोहिणीत रंगद्रव्य सोडणार होते. नळीचं टोक घसरून थेट उजव्या करोनरी धमनीत शिरलं आणि सगळं द्रव्य तिच्यात गेलं. रुग्णाचं हृदय क्षणभर थांबलं, सोन्सनी त्याला खोकायला लावलं, ठोके परत सुरू झाले. माणूस वाचला आणि थेट धमनीत रंग सोडून चित्र घेता येतं हे कळलं.

पण अँजिओग्राफी म्हणजे सावली. धमनी कुठून कुठे गेली ते दिसतं, कशाच्या पुढून आणि कशाच्या मागून गेली ते सांगणं कठीण जातं. शिवाय मुख नेहमीच्या जागी नसेल तर नळी ते शोधत फिरत राहते. कॅथलॅबमधून फोन येतो, “उजवी हुक होत नाहीये, सीटी करून बघा.” बाईंकडे येणाऱ्या अशा रुग्णांपैकी बरेच जण या एका वाक्याचं बोट धरून आलेले असतात.

सीटीचं यंत्र १९७१पासून माणसाच्या मेंदूची चित्रं घेऊ लागलं. धडधडणारं हृदय त्याच्या आवाक्यात यायला पुढे तीस वर्षं लागली. २००४च्या सुमारास चौसष्ट स्लाइसची यंत्रं आली आणि अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास जाडीचे काप काही सेकंदांत मिळू लागले. यंत्र कितीही चपळ असलं तरी हृदय सावकाश चालायला हवं. ठोके मिनिटाला पासष्टच्या खाली आणायचे, म्हणून आधी मेटोप्रोलॉलची गोळी आणि मग वाट बघणं. रांपणीवर जाळं ओढणारा पंचेचाळिशीचा गडी गोळी न घेताच अठ्ठावन्नवर असतो. त्याच्याबरोबर आलेल्या भावाचे ठोके जास्त पडत असतील. स्कॅनपूर्वी धमन्या रुंदावण्यासाठी जिभेखाली नायट्रोग्लिसरीनचा फवारा द्यायचा असतो, आणि तो देण्याआधी पुरुषांना व्हायाग्राच्या जातीची गोळी घेतलीत का हे विचारावंच लागतं, कारण दोन्ही मिळून रक्तदाब धाडकन कोसळू शकतो. सासरे आणि मेहुणे खोलीत असताना हा प्रश्न विचारणं हीसुद्धा एक कला आहे. बाई आधी सगळ्यांना चहाला पिटाळतात.

मग दंडातल्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य वेगाने आत जातं, अंगभर ऊब पसरते, “श्वास घ्या, रोखा,” आणि संपलं. खरं काम यापुढे.

यंत्र हृदयाचं एक रंगीत त्रिमिती चित्र बनवून देतं. नातेवाईक ते पाहून हरखतात, काही डॉक्टरही. बाई त्याकडे शेवटी बघतात. त्यांच्यापाशी शिकायला येणाऱ्यांना त्या आधी साधे, राखाडी, आडवे काप वरून खाली फिरवायला लावतात आणि एकच काम देतात: दोन मुखं शोधा. कुठल्या कप्प्यात आहेत, कोणत्या कोनात निघतात. तोवर अडथळा, चुना, स्टेंट यांतलं काहीही बोलायचं नाही. कारण छातीत दुखणाऱ्या प्रौढाचं स्कॅन समोर आलं की डोळा आपोआप चरबीचे थर शोधायला धावतो. उजव्या धमनीच्या मध्यावरचा तीस टक्के अडथळा सापडतो, अहवाल लिहून होतो, आणि ती धमनी निघाली कुठून हे पाहायचं राहून जातं. धमन्यांना आपोआप नावं देणारं सॉफ्टवेअरही नेहमीच्या मांडणीवर पोसलेलं असतं. मांडणी बदलली की तेही गडबडू शकतं.

मुख सापडलं की वाट. चुकीच्या बाजूने निघालेल्या धमनीला पलीकडे जायला मोजके मार्ग आहेत: महारोहिणीच्या मागून, फुप्फुसधमनीच्या पुढून, हृदयाच्या पडद्याच्या स्नायूतून, किंवा दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून. पहिले तीन बहुधा निरुपद्रवी. भीती चौथ्याची. पूर्वी समज असा होता की व्यायामात दोन्ही बाजूच्या वाहिन्या फुगतात आणि मधली धमनी चेपली जाते. पण फुप्फुसधमनीतला दाब इतका कमी असतो की तिच्यावर सगळा दोष टाकता येत नाही. आता लक्ष असतं ते दुसऱ्याच गोष्टींवर. अशा धमनीचा सुरुवातीचा तुकडा अनेकदा महारोहिणीच्या भिंतीच्या आतून जातो, तिरका निघतो, आणि त्याचं मुख गोल नसून किलकिल्या डोळ्यासारखी चीर असते. म्हणून नुसतं “दोन वाहिन्यांच्या मधून” एवढं लिहून भागत नाही. मुखाची उंची-रुंदी, निघण्याचा कोन, भिंतीतल्या तुकड्याची लांबी हे मोजावं लागतं.

मोजायचं कशासाठी, ते अमेरिकी सैन्याच्या नोंदींवरून कळतं. पंचवीस वर्षांत भरती झालेल्या ६३ लाख जवानांपैकी १२६ जण प्रशिक्षणाच्या काळात, दुखापतीशिवाय अचानक गेले. ६४ जणांच्या हृदयात रचनेचा दोष सापडला. त्यांतल्या २१ जणांत करोनरीचा उगम चुकलेला होता, आणि एकवीसच्या एकवीस जणांत डावी धमनी उजव्या कप्प्यातून निघून दोन वाहिन्यांच्या मधून गेली होती. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा दोषाने दगावलेल्या २७ तरुण खेळाडूंचा मागोवा घेतला आहे. त्यांतल्या ज्यांचे जिवंतपणी कार्डिओग्राम आणि स्ट्रेस टेस्ट झाले होते, त्यांचे ते नॉर्मल आले होते. ट्रेडमिलवर पास झालेल्या कबड्डीपटूच्या बापाला हे सांगताना बाईंना फार जपून बोलावं लागतं.

याच्या अगदी उलट गोष्ट पीट मॅराविच या बास्केटबॉलपटूची. जन्मापासून डावी करोनरी नाहीच, तरी तो अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये दहा वर्षं खेळला आणि ५ जानेवारी १९८८ रोजी, चाळिसाव्या वर्षी, मित्रांबरोबर सहज खेळताना कोसळला. शवविच्छेदन होईपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. काकींच्या “इतकी वर्सां खंय होता?”चं हे सगळ्यात अवघड उदाहरण.

क्वचित याहून अचाट काही समोर येतं. डावी धमनी महारोहिणीऐवजी फुप्फुसधमनीतून निघालेली. सुमारे तीन लाख जन्मांत एक, आणि शस्त्रक्रिया झाली नाही तर बहुतेक बाळं वर्षाच्या आत जातात. जी मोठी होतात ती उजव्या धमनीच्या जिवावर. ती धमनी बोटाएवढी जाड आणि नागमोडी होऊन दोघींचं काम करते. आडव्या कापात अशी अवाढव्य उजवी धमनी दिसली की डावीचं मुख तपासायचं.

पण बाईंचा वेळ अशा दुर्मिळांत जात नाही, तो जातो साध्यांचं वजन ठरवण्यात. महारोहिणीच्या मागून जाणारी फांदी कुणाला मारत नाही. तरी ती अहवालात यायलाच हवी, कारण उद्या त्या माणसाची झडप बदलायची वेळ आली तर शल्यविशारदाचा टाका तिच्यात जाऊ शकतो. म्हणजे लिहायचं, आणि घाबरवायचंही नाही. “जन्मजात विकृती” हे दोन शब्द एखाद्या पोरीच्या लग्नाच्या बोलण्यात कसे फिरतील, हे वालावलात वाढलेल्या बाईंना वेगळं सांगावं लागत नाही. त्या “वेगळी मांडणी” लिहितात, पुढे मोजमापं आणि कुणाला काय कळवावं ते. इंग्रजी अहवालांत चौथ्या वाटेला कर्करोगाच्या गाठीचं विशेषण लावण्याची प्रथा आहे. ते विशेषण त्यांनी केव्हाच टाकून दिलं, आणि ते बरंच केलं.

काकींच्या बाबतीत उजवी धमनी डावीकडून निघालेली होती. उलट प्रकारापेक्षा ही बरीच जास्त आढळते आणि तिचा धोकाही कमी. तरुण खेळाडूत डावी धमनी अशी निघाली आणि लक्षणंही असतील, तर शस्त्रक्रियेबद्दल फारसं दुमत नसतं. भिंतीतला तुकडा उघडून मुख मोठं करतात. पन्नाशीतल्या, उजव्या धमनीच्या रुग्णाबाबत मात्र दोन हृदयरोगतज्ज्ञ तीन मतं देऊ शकतात. काकींच्या स्कॅनमध्ये मुख थोडंसंच चपटं होतं, भिंतीतला तुकडा आखूड. छातीतली कळ चढण चढताना येत नव्हती, जेवल्यावर आडवं झालं की येत होती. औषध देऊन हृदयाचा रक्तपुरवठा तपासला, तो सगळीकडे सारखा निघाला. बाईंनी त्यांना मालवणीतच सांगितलं की ही वाट जुनीच आहे, दुखणं पोटाचं दिसतं. पण चालताना कळ आली किंवा भोवळ आली तर त्याच दिवशी यायचं. काकींनी ऐकून घेतलं आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला: मुलग्याचंही असंच असेल का? तो मुंबईत असतो, रोज सकाळी धावतो. वय एकतीस. बाईंनी त्याचा फोन नंबर मागून घेतला.