डोळ्याकडे जाणारी दुसरी वाट

मी डोळ्यांचा डॉक्टर नव्हे. रक्तवाहिन्यांतून नळी घालून उपचार करणारा रेडिऑलॉजिस्ट. तरीही रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग, झालेली बाळं माझ्या कॅथलॅबमध्ये येतात. बहुतेक पाच वर्षांच्या आतली. फोटोत बाहुली पांढरी चमकली, म्हणून घरच्यांना शंका आलेली असते.

हातातल्या शिरेतून दिलेली केमोथेरपी अंगभर फिरते. औषध डोळ्यालाच मिळावं म्हणून १९८०च्या दशकात जपानी डॉक्टरांनी युक्ती काढली: अंतर्गत कॅरोटिड धमनीत, नेत्रधमनीच्या फाट्यापुढे फुगा फुगवून वाट अडवायची आणि मेल्फॅलन हे औषध सोडायचं. २००६ मध्ये न्यूयॉर्कला डेव्हिड अब्रामसन आणि पिअर गोबँ यांनी नळी थेट नेत्रधमनीच्या तोंडाशी नेली. आम्ही तेच करतो. मांडीच्या धमनीतून शिरायचं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची नळी वर न्यायची आणि काही मिलिग्रॅम औषध सावकाश सोडायचं.

पुस्तकातली नेत्रधमनी अंतर्गत कॅरोटिडपासूनच निघते. टेबलावरच्या बाळाची तशीच असेल, याची खात्री नसते. गर्भावस्थेत डोळ्याच्या खोबणीला अंतर्गत आणि बाह्य अशा दोन्ही कॅरोटिडकडून रक्त येतं. पुढे बाह्य कॅरोटिडकडचा जोड आटतो. काही मुलांत तो आटत नाही आणि बाह्य कॅरोटिडची फांदी असलेली मिडल मेनिंजियल धमनीच डोळा पोसते. मग अंतर्गत कॅरोटिडमध्ये डाय सोडला, तरी डोळ्याच्या मागच्या भिंतीवरची चंद्रकोरीसारखी झाक उमटत नाही. तीच झाक बाह्य कॅरोटिडमध्ये दिसली, की वाट ठरली. फक्त नळीचं टोक मेंदूच्या आवरणाकडे जाणाऱ्या फांद्यांपुढे न्यावं लागतं, नाहीतर औषध भलतीकडे जातं.

खरी कसोटी दोन्ही वाटा चालू असतात तेव्हा लागते. दोन्ही टोकांनी पाणी सोडलेल्या पाटात जोर ज्याचा, शेत त्याचं. नेत्रधमनीत डाय सोडावा, तर तो मागे परततो. पलीकडचा प्रवाह त्याला रेटत असतो. अशा वेळी बाह्य कॅरोटिडच्या फांदीत थोडा वेळ फुगा फुगवता येतो. उलट, औषध नाकाच्या अस्तराकडे पळत असेल, तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसवणारे थेंब नाकात घालतात.

“मागच्या वेळी तर नीट गेलं होतं ना, डॉक्टर?” हा प्रश्न हमखास येतो. गेलं होतं. पण या उपचारानंतर नेत्रधमनी अरुंद होऊ शकते, आणि तिचा जोर ओसरला की दुसरी वाट उघडते. म्हणून दर खेपेला अँजिओग्राम नव्याने वाचावा लागतो.

माझ्या तरुण सहकाऱ्यांना एकच सांगणं: अंतर्गत कॅरोटिडचं चित्र पाहून ‘औषध पोचणं अशक्य’ असं लिहू नका. बाह्य कॅरोटिड तपासल्याशिवाय तो अहवाल अपुरा आहे, आणि त्या अपुऱ्या अहवालावर एखाद्या बाळाचा डोळा काढायचा निर्णय होऊ शकतो.