स्टोव्हचा आवाज

शाळेत असताना एलिमेंटरी-इंटरमीजिएटला स्मरणचित्राचा पेपर असायचा. नाव स्मरणचित्र, पण स्वतःचं स्मरण त्यात फारसं लागायचं नाही. शिक्षकांनी घोटून घेतलेली माणसं भाजीमंडईत नाहीतर बसथांब्यावर उभी केली की भागायचं. डोक्यावर पाटी घेतलेली बाई मी आजही झोपेत काढीन. मंडईतला कुजक्या कोबीचा वास मात्र कुठल्या रंगात घालायचा, हे कुणी सांगितलं नाही.

पुढे पोटासाठी मुखपृष्ठं, कॅलेंडरं असलं बरंच काही केलं. ते सोडा.

आईच्या पितळी स्टोव्हचा आवाज मात्र कानातून गेला नाही. पहाटे काकडा पेटायचा, रॉकेलचा वास पांघरुणात शिरायचा, मग पंपाचे ठोके. दाब वाढेल तसं निळ्या ज्योतीचं घोंघावणं चढत जायचं. घरात गॅस आल्यावर स्टोव्ह माळ्यावर गेला. चाळिशीनंतर कधीतरी तो आवाज काढावासा वाटला. आधी हुबेहूब स्टोव्ह काढला: टाकी, बर्नर, तीन पाय. भांड्यांच्या दुकानाच्या जाहिरातीत शोभला असता. मग स्टोव्हच वगळला. कोळशाची कांडी आडवी धरून खालून दाट काळे फटकारे मारले, वर जाताना हात सैल सोडला. वासाला कडा नसते, म्हणून तिथे रेघ न ओढता नुसतं बोटाने घासलं. आवाज थोडासा आला, पण तो कुठल्याही गिरणीचा असू शकला असता.

जानेवारी १९११ मध्ये कांडिन्स्कीने म्युनिकला शोनबर्गचं संगीत ऐकलं आणि लगेच ‘इंप्रेशन ३ (कॉन्सर्ट)’ रंगवलं. सगळे बोलतात त्यातल्या पसरलेल्या पिवळ्याबद्दल. मला विचाराल तर खरी मेख आहे ती काळ्या आकारात. तो पियानो आहे. आवाज रंगवायला बसलेल्या माणसाने वाद्य पुरतं पुसलं नाही. बघणाऱ्याला धरायला एवढं ठेवलं.

मी स्टोव्हचे तीन पाय परत आणले. बाकी फटकारे तसेच राहू दिले. मधे एके ठिकाणी कांडी मोडून ते तुटले होते, तेही.

ताईने चित्र हातात घेतलं, जरा लांब धरलं. “बर्नर तुंबलाय,” ती म्हणाली, “पिन मार.” पातेल्याला काजळी कुठे धरली असेल, तेही तिने कोऱ्या कागदावर बोट ठेवून दाखवलं. पातेलं मी काढलंच नव्हतं.