राजहंसगडावरचा ठिपकेदार पतंग

बेळगावच्या दक्षिणेस असलेला येळ्ळूरचा राजहंसगड आम्हां बेळगावकरांना परका नाही. लहानपणापासून त्याची चढण किती वेळा चढलो, याची गणती नाही. परंतु गेल्या भाद्रपदाच्या अखेरीस नातीला घेऊन गडावर निघालो, तेव्हा तिने आमची चांगलीच पंचाईत केली.

वाटेच्या कडेला खुळखुळा पिवळ्या फुलांनी डवरला होता. पाऊल पडताच गवतातून पांढुरके काही उडाले व चार हातांवर जाऊन बसले. “फुलपाखरू!” आम्ही अधिकारवाणीने सांगितले. “मग आजोबा, ह्याने पंख उभे का मिटले नाहीत?”

आम्ही वाकून पाहिले. पंख शालीसारखे अंगाभोवती लपेटलेले. मोतिया रंगावर तांबड्या नि काळ्या ठिपक्यांच्या ओळी. मिशा सुतासारख्या, फुलपाखराच्या मिशांना टोकाशी असते ती गाठ येथे नव्हती. पुन्हा उडाला तेव्हा मागच्या पांढऱ्या पंखांची काळी, वेडीवाकडी किनार दिसली. पंख पसरले तरी रुंदी तीन-चार सेंटिमीटर. हा पतंग होता. आमची चूक झाली होती.

घरी येऊन ग्रंथ चाळले. याचे शास्त्रीय नाव ‘युटेथायसा पुल्चेला’. १७५८ साली लिनिअसने यास ‘टिनिया’ गटात घातले, म्हणजे लोकरीचे कपडे खाणाऱ्या कसरीच्या पंगतीस बसविले! मात्र ‘पुल्चेला’, म्हणजे ‘चिमुकली सुंदर’, हे नाव त्यानेच दिले. १८१९ मध्ये ह्यूबनरने ‘युटेथायसा’ ही प्रजाती निर्माण केली. पुढे दीर्घकाळ हा पतंग ‘आर्क्टिइडी’ या वाघपतंगांच्या कुळात गणला गेला. २०१० नंतर, डीएनएच्या अभ्यासामुळे, ते सारे कुळच ‘इरेबिडी’ या मोठ्या कुळात उपकुळ म्हणून सामावले गेले.

पंडितांनी घरे बदलली, पतंगाने मात्र आपले अन्न सोडले नाही. त्याची अळी खुळखुळ्याची पाने व शेंगांतले कोवळे दाणे खाते. त्या झाडातले विष ती अंगात साठविते आणि पतंग झाल्यावरही ते टिकते. तांबडे ठिपके हा नुसता शृंगार नव्हे. “मला खाऊ नका” अशी ती पक्ष्यांना दिलेली ताकीद आहे. म्हणूनच भर दिवसा उडण्याचे धाडस त्यास होते.

खुळखुळ्याच्या वाळक्या शेंगा आम्ही बालपणी कानाशी वाजविल्या. त्याच झाडावर वाढणाऱ्या या जीवाकडे मात्र इतक्या वर्षांत एकदाही वाकून पाहिले नव्हते. ते पाहण्यास सात वर्षांच्या पोरीने शिकविले.