बाबांचा घाम

गेल्या ऑक्टोबरात आमचे बाबा नॅशनल पार्कात, कान्हेरीच्या रस्त्यावर चक्कर येऊन खाली बसले. वय ६६. रोज सकाळी बोरिवलीच्या गेटातून आत, पावणेदोन तास चालणार म्हणजे चालणारच. "काही नाही रे, जरा उकडलं," इति बाबा. पण १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषणच्या कार्यक्रमाला गेलेली १४ माणसं उष्माघाताने गेली, ते काही माझ्या डोक्यातून जाईना.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आधी गॅजेट, मग डॉक्टर. ऑनलाइन एक कूलिंग जॅकेट मागवलं. पाण्यात बुडवा, पिळा, घाला. अंधेरीला ऑफिसात ट्रायल घेतली तर दहा मिनिटांत हुडहुडी! (शेजारचा विचारत होता, बरा आहेस ना?) रविवारी बाबांना घातलं. ते परत आले आणि म्हणाले, "ओलं गोणपाट घालून फिरवलंस मला."

तेव्हा ट्यूब पेटली. हे जॅकेट म्हणजे अंगावर घालायचा वाळ्याचा कूलर. नागपुरात ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओलं कापड साधारण २३ अंशांपर्यंत उतरतं. बोरिवलीत ३२ अंश आणि ७५ टक्के असेल तर जेमतेम २८. ऑफिसातली एसीची हवा कोरडी, म्हणून तिथे चमत्कार! घामाचंही तेच. एक लिटर घाम वाळला तर अंगातली सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. नुसता टपकला तर काहीच नाही, फक्त पाणी आणि मीठ गेलं. आपण मुंबईकर बहुतेक टपकवतो.

मग घामाच्या पॅचवर वाचत बसलो. गेटोरेडने २०२१ मध्ये अमेरिकेत असा एक आणला होता. हातावर चिकटवायचा, घाम त्यातल्या बारीक वाटांमधून सरकतो, किती गेला आणि त्यात क्लोराइड किती ते रंगावरून दिसतं, फोनने फोटो काढायचा. मस्त आहे, पण एकदा वापरून फेकायचा. रोजच्या चालण्याला कोण लावणार?

त्यापेक्षा घरातला वजनकाटा काढला. जाण्याआधी ७१.२ किलो. आल्यावर घाम पुसून, कपडे बदलून ७०.३. वाटेत पाणी ३०० मिली. म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास घाम, आणि भरपाई पाव!

हा आकडा घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, बीपीची गोळी कोणती? ती लघवी वाढवणारी निघाली. म्हणजे गळती दोन्हीकडून. मी दोन महिने जॅकेटं बघत होतो आणि गोळ्यांची स्ट्रिप फ्रीजवर पडलेली होती. डॉक्टरांनी गोळी बदलली, आणि मीठ-साखरेचं पाणी स्वतःच्या मनाने सुरू करू नका म्हणून बजावलं.

आता ऑक्टोबर आणि एप्रिल-मेमध्ये फेरी निम्मी, बाटली एक लिटरची. कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी बाबा रोज दोन वजनं लिहितात. जॅकेट मी ऑफिसात ठेवलंय. परवा एसी बंद पडला तेव्हा काढलं होतं... काही उपयोग झाला नाही.