अर्जातील रकाने

संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेतील, म्हणजेच डीआरडीओतील, वैज्ञानिक ‘बी’ या पदाचा अर्ज भरावयास तासाभराहून अधिक वेळ लागत नाही. नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, प्रवर्ग, पदवी, गेट परीक्षेतील गुण, छायाचित्र, स्वाक्षरी. खुल्या प्रवर्गातील पुरुषांना शंभर रुपये शुल्क. आपल्याला तेही माफ. गेल्या वर्षभरात आपल्या मंडळातील तीन तरुण अभियंत्यांनी या अर्जाविषयी माझ्याकडे चौकशी केली. तिघेही नेदरलँड्समध्ये बऱ्यापैकी स्थिरावलेले, आणि तिघांच्याही मनात परतीचा विचार अधूनमधून डोकावणारा. त्यांना नीट उत्तर देता यावे म्हणून मी जाहिरात पहिल्या ओळीपासून वाचू लागलो आणि वाचता वाचता तो प्रश्न माझाच होऊन बसला. मी सदतीस वर्षांचा आहे. २०२५ च्या जाहिरातीत खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३५ वर्षे होती. अनुसूचित जातींची पाच वर्षांची सवलत धरली की ती ४० वर जाते. म्हणजे माझ्यापाशी अजून तीन वर्षे आहेत.

व्यवहाराची माहिती थोडक्यात सांगून टाकतो. निवड दिल्लीतील भरती आणि मूल्यांकन केंद्राकडून होते. अभियांत्रिकीची प्रथम वर्गातील पदवी लागते. माझ्या पदव्युत्तर पदवीने तेथे फारशी भर पडत नाही. गेटच्या गुणांवरून मुलाखतीस बोलावले जाते आणि अंतिम यादी करताना अलीकडे गेटला ८० टक्के, मुलाखतीला २० टक्के महत्त्व दिले जाते. गेटचे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात, आणि त्या परीक्षेला वयाची अट नाही. मूळ वेतन ५६,१०० रुपये, भत्ते वेगळे. सारे मिळूनही हार्लेममधील दोन खोल्यांच्या घराचे भाडे त्यातून निघणार नाही. हे ऐकून तिघांपैकी एकाचा उत्साह तेथेच मावळला. त्याला मी दोष देत नाही. त्याच्यावर गावाकडचे कर्ज आहे.

मला थांबवून ठेवले ते प्रवर्गाच्या रकान्याने. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी ठरली, तेव्हा मोजके अपवाद सोडता ती हिंदूंपुरतीच मर्यादित होती. १९५६ साली तीत शीख धर्मीय दलितांचा समावेश करण्यात आला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली, आणि ज्यांनी ती घेतली ते केंद्र सरकारच्या हिशेबी अनुसूचित जातींतून बाहेर पडले. महाराष्ट्राने १९६० मध्ये राज्याच्या स्थापनेबरोबरच नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राचा कायदा दुरुस्त व्हावयास १९९० साल उजाडावे लागले. डीआरडीओची स्थापना १९५८ ची. म्हणजे स्थापनेपासून पुढची ३२ वर्षे, कागदावर प्रामाणिकपणे ‘बौद्ध’ लिहिणाऱ्या माणसासाठी तेथे एकही राखीव जागा नव्हती. आणि या प्रयोगशाळा काही दूरदेशी नव्हत्या. पाषाणला शस्त्रास्त्रांची एआरडीई आणि स्फोटकांवर काम करणारी एचईएमआरएल, दिघीला सैनिकी अभियांत्रिकीची प्रयोगशाळा, नगरला वाहनांची, अंबरनाथला नौदलासाठी लागणाऱ्या साहित्याची. आपल्या वस्त्यांतून त्यांच्या भिंती दिसत.

माझ्या वडिलांनी १९८३ साली एका केंद्रीय कार्यालयात तांत्रिक पदासाठी अर्ज केला होता. पदविका होती, प्रथम वर्ग होता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ असे स्पष्ट लिहिलेले होते. तेथील लिपिकाने, आणि हे वडील आजही आवर्जून सांगतात की त्याच्या मनात वाईट काही नव्हते, सुचविले की तहसील कचेरीतून ‘हिंदू महार’ असा दाखला घेऊन या, काम होऊन जाईल. ओळखीतल्या कित्येकांनी तसे केले होते. घरात त्रिसरण-पंचशील आणि कागदावर हिंदू. वडिलांनी दाखला बदलला नाही. अर्ज खुल्या प्रवर्गातून गेला आणि त्याचे उत्तर कधी आले नाही. पुढे त्यांनी राज्याच्या पाटबंधारे खात्यात तीस वर्षे नोकरी केली. त्या अर्जाबद्दल ते हळहळत नाहीत, आणि ज्यांनी दाखले बदलले त्यांना नावेही ठेवीत नाहीत. पोट आणि धम्म यांत निवड करावयास लावणारा कायदा खोटा होता, एवढेच त्यांचे म्हणणे.

आज तशी निवड करावी लागत नाही, पण कागदाची कटकट पुरती संपलेली नाही. ‘नवबौद्ध’ ही नोंद राज्याच्या कामी येते. केंद्राच्या यादीत ती जात नाही. तेथे महाराष्ट्रासाठी ३७ व्या क्रमांकावर ‘महार’ आहे, आणि केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्रावर मूळ जात व बौद्ध धर्म या दोन्ही गोष्टी असाव्या लागतात. आपल्या तिघांपैकी एकाला हे खटकले. बाबासाहेबांनी जी टाकावयास सांगितली ती जात मी पुन्हा का लिहू, असे त्याने विचारले. प्रश्न रास्त आहे. मी त्या रकान्याकडे असे पाहतो: माझ्या घराण्याला कोणत्या नावाने गावाबाहेर ठेवले गेले याची ती नोंद आहे, आणि ती देताना मला संकोच वाटत नाही. संकोच ज्यांनी ठेवले त्यांना वाटावा. (प्रमाणपत्र सुट्टीत गावी जाल तेव्हाच काढून ठेवावे. मुलाखतीस मूळ प्रत दाखवावी लागते, आणि हे काम इथून दूरध्वनीवर होत नाही.)

राखीव जागांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्यातील पुष्कळांना ठाऊक नसते. केंद्र सरकारच्या १९७५ च्या एका आदेशानुसार, गट ‘अ’ मधील सर्वांत खालच्या श्रेणीच्या वरची जी वैज्ञानिक व तांत्रिक पदे संशोधन करण्यासाठी किंवा संशोधनाला दिशा देण्यासाठी आहेत, त्यांना आरक्षणातून सूट देता येते. वैज्ञानिक ‘बी’ हीच ती सर्वांत खालची श्रेणी. पुढची बढती रिक्त जागांवर अवलंबून नसते. ‘बी’ वरून ‘सी’ साठी किमान तीन वर्षे सेवा झाली की मूल्यांकनाची मुलाखत होते आणि तीत उतरलेला वर जातो. याचा अर्थ असा की, आपल्यासाठी घटनेने किलकिला केलेला दरवाजा एकच आहे आणि तो तळमजल्यावर आहे. वरच्या जिन्यावर कोण चढले, किती चढले, हे तेथे बसणाऱ्या मंडळांच्या दृष्टीवर सोपविलेले आहे. गुणवत्तेने बढती द्यावी याला माझा विरोध नाही. पण संशोधनाला दिशा देण्याच्या जागी आरक्षण नको, हे ठरविताना गुणवत्ता कुणाच्या घरी जन्मते याविषयी एक जुनी समजूत गृहीत धरलेली आहे, असे मला वाटते. म्हणूनच पंचेचाळिशीत मोठ्या हुद्द्यावर परत जाऊ, असा विचार करणाऱ्यांनी हा आदेश वाचावा. राखीव जागेचा हक्क बजावावयाचा तर तो खालच्या पायरीवर, वयाची अट सांभाळून, बावीस वर्षांच्या मुलांच्या शेजारी बसूनच बजावावा लागतो.

बाबासाहेबांनी हे क्षेत्र आपल्यासाठी आधीच ओळखले होते. १९४२ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी मांडले होते की, कायद्याच्या आणि कलाशाखेच्या शिक्षणापेक्षा विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाने अस्पृश्यांचे अधिक भले होईल. ते शिक्षण महागडे म्हणून सरकारने पैसा द्यावा. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या, १९४६ मध्ये ते प्रमाण १२.५ टक्के झाले. सैन्याशी तर आपले नाते आणखी जुने. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली, गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, आणि १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. माझे आजोबा देहूरोडच्या सैनिकी डेपोत हमाल होते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हा ते त्या गर्दीत होते. दारूगोळ्याच्या पेट्या वाहणारी माणसे संध्याकाळी बुद्धापुढे बसत, आणि त्यात विसंगती आहे असे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

मला मात्र तो प्रश्न पडतो. तिघांपैकी सर्वांत धाकट्याने तो स्पष्ट विचारला. अंगुत्तर निकायातील वणिज्ज सुत्तात उपासकाने न करावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत, आणि त्यांत पहिला शस्त्रांचा आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील सिद्धार्थ रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करावयास नकार देतो आणि घर सोडतो. मग आपण क्षेपणास्त्राची संगणकप्रणाली लिहावी काय? त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, हे मी त्याला दाखविले. विक्रीसाठी शस्त्र आणि रक्षणासाठी शस्त्र यांतही मी फरक मानतो. हार्लेममध्ये राहणाऱ्याला हे समजावणे कठीण नाही. हानी स्खाफ्ट याच गावची कन्या. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या या मुलीने नाझी सत्तेविरुद्ध पिस्तूल हाती घेतले, आणि युद्ध संपावयास तीन आठवडे उरले असता, १७ एप्रिल १९४५ रोजी, जवळच्याच वाळूच्या टेकड्यांत तिला गोळी घालण्यात आली. पण या उत्तराने प्रश्न मिटतो असे मी म्हणणार नाही. शस्त्र कुणावर रोखले जाईल हे वैज्ञानिक ‘बी’ ठरवीत नाही. त्या तरुणाने अर्ज न करण्याचे ठरविले आहे, आणि त्याचा निर्णय मला धम्माला धरून वाटतो. माझा वेगळा आहे, तोही मी धम्माला धरूनच मानतो. यावर आमचा वाद अजून चालू आहे.

उरला राष्ट्रीयत्वाचा रकाना. नेदरलँड्समध्ये आजवरच्या नियमाने पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर, भाषेची परीक्षा देऊन, नगरपालिकेत नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. माझी पाच वर्षे केव्हाच भरली. परीक्षाही उत्तीर्ण झालो. आपल्यातील पुष्कळांनी हे केले आहे आणि त्यांची कारणे भक्कम आहेत. परंतु दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे आपोआप संपते, आणि ओसीआय कार्ड हे नागरिकत्व नव्हे. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ब मध्ये ओसीआय धारकाला न मिळणाऱ्या हक्कांची यादी आहे. मतदान नाही, हे सर्वांना माहीत असते. त्याच यादीत घटनेच्या अनुच्छेद १६ चा उल्लेख आहे: सार्वजनिक नोकरीतील समान संधी. ज्या अनुच्छेदाच्या चौथ्या खंडावर आपल्या तीन पिढ्या शिकल्या-सवरल्या, तो तेथे एका ओळीत मावळतो. घर घेताना, व्हिसाच्या रांगेतून सुटताना ही ओळ कुणी वाचून दाखवीत नाही. अर्जात मुलांची नावेही सोबत देता येतात, तेव्हा ती त्यांच्याही बाबतीत लागू होते. सही करण्याआधी ती वाचावी, इतकेच माझे सांगणे आहे.

सरकारी वैज्ञानिक होण्यात एवढे काय, असे माझी पत्नी विचारते. तिला मी लोरेन्ट्झ यांचे उदाहरण देतो. नोबेल मिळाल्यानंतर ते हार्लेमला, टेलर्स संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत आले. आणि १९१८ पासून १९२६ पर्यंत, सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष म्हणून, बांध घातल्यावर समुद्राची भरती किती चढेल याचे गणित त्यांनी मांडले. जगातील एक श्रेष्ठ भौतिकशास्त्रज्ञ आठ वर्षे आपल्या देशाच्या पाण्याचा हिशेब करीत होता. मी लोरेन्ट्झ नाही, हे पत्नी लगेच लक्षात आणून देते.

नागरिकत्वाचा अर्ज मी तूर्त बाजूला ठेवला आहे आणि भारतीय पारपत्राचे नूतनीकरण केले आहे. येत्या फेब्रुवारीतील गेटसाठी पुणे केंद्र मागणार आहे. रविवारी वंदनेनंतर आम्ही दोघे, मी आणि ज्याला जातीचा रकाना खटकला होता तो, दोन तास अभ्यासाला बसतो. सध्या डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स चालू आहे, त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टिम घेऊ. आणखी कुणाला यावयाचे असेल तर जागा आहे, चहा आमच्याकडे.